दुसरे नऊ नंबर

पंधरावी पेटी भरत कोण होते? या प्रश्नाचे उत्तर कारखान्याच्या चौकशीला मिळाले नाही, सुटे भाग पुरवणाऱ्या मालकीणबाईंना मिळाले नाही, आणि पुढील मजकुरातही ते मिळणार नाही. मिळतो तो फक्त एका बाईच्या नोकरीचा वृत्तान्त. तिने आयुष्यभर वस्तू मोजल्या. एकदा एक वस्तू जास्त झाली हे ठाऊक असून ती गप्प बसली, आणि त्या गप्प बसण्याचा भार भलताच कोणी वाहतो आहे, असे वाटू लागल्यावर मात्र तिला धड बसवेना.

कारखान्यात तिला सगळे गणतीताई म्हणत. अकरा देशांत मोटारी बनवणाऱ्या एका कंपनीचा हा एक कारखाना होता. मुख्यालय समुद्रापलीकडे होते आणि तिथून फक्त हुकूम येत. ताई विसाव्या वर्षी स्टोअरमध्ये लागली ती हातात कागद लावायची फळी आणि पेन्सिल घेऊन, रॅकमधल्या वस्तू मोजण्याच्या कामावर. नाव तेव्हा पडले ते पडलेच. घरीही सुटका नव्हती.

"जिना चढताना पायऱ्या मोजतेस ना अजून?" नवरा विचारी.

"सव्वीस," ती म्हणे, आणि मग ओशाळे.

नवरा एका शाळेत प्रयोगशाळेचा सहायक होता, सहाच्या सुमारास घरी येई. घरात तिसरी तिची आई. आईची स्मृती कडेकडेने विरत चालली होती: आधी माणसांची नावे, मग खोल्या, मग शेगडी बंद करायची असते ही गोष्ट. सकाळी शेजारच्या मावशी तिच्याजवळ बसत. दुपारनंतर त्यांना स्वतःच्या शिवणकामाला लागावे लागे. ताईची दुसरी पाळी असली की दुपारी दीडपासून सहापर्यंत आई घरात एकटी. ते साडेचार तास ताई कारखान्यात कसे काढी, ते तिचे तिला ठाऊक.

आता त्या कार्डांविषयी. ब्रेकचे पेडल एका पोलादी पिनेवर झुलते, पिन करंगळीएवढी. मोटारीमागे अशा दोन लागत, एक ब्रेकला आणि एक क्लचला. लाइनवरून दिवसाला चारशे मोटारी उतरत, म्हणजे आठशे पिना. एका पेटीत चारशे, म्हणजे दिवसाला दोन पेट्या. प्रत्येक पेटीबरोबर एक पिवळे कार्ड फिरे. पेटी संपली की कामगार कार्ड काढून लाइनच्या कडेच्या पत्र्याच्या डब्यात टाकी. ते रिकाम्या पेटीला बांधून ट्रकने दोन तासांवरच्या पुरवठादाराकडे जाई. तिथे पेटी भरली जाई आणि त्याच कार्डासह परत येई. वेगळी मागणी नाही, फोन नाही. कार्ड हाच हुकूम. कार्ड आले की पेटी गेलीच पाहिजे, आणि कार्ड नसेल तर एक पिनही हलता कामा नये. पिनेची कार्डे चौदा होती, एक ते चौदा.

२००३ साली ताईकडे ही कार्डे नव्याने आली, आणि तिसऱ्याच आठवड्यात नऊ नंबर हरवले. नियम साधा होता: स्टोअरप्रमुखाला सांगायचे, तो रद्द-वहीत लाल शाईने नोंद करणार, नोंदीची प्रत पुरवठादाराकडे जाणार आणि जिथे पेट्या भरतात त्या जागी मोठ्याने वाचून दाखवली जाणार. पण स्टोअरप्रमुख म्हणजे लालपेन. त्याच आठवड्यात त्याने एका कारकुनाला फक्त तारीख चुकवल्याबद्दल सगळ्यांदेखत असा सोलून काढला होता, की तो जेवायच्या सुट्टीनंतर परत आलाच नाही. ताईने पिवळा पुठ्ठा आणला, पट्टी लावून कापला, त्यावर शाईने नऊ काढला आणि रांगेत सोडून दिला. कोणाला पत्ता लागला नाही.

चार महिन्यांनी पत्र्याचा डबा रंगवायला काढला तेव्हा त्याच्या मागून मूळ नऊ नंबर खाली पडले. एक कार्ड नष्ट करायला हवे होते. पण त्यालाही वही, लाल शाई आणि लालपेन. ताई दोन्ही कार्डे हातात घेऊन थोडा वेळ उभी राहिली. मग तिने मूळ कार्डही डब्यात टाकले. एक पेटी जास्त फिरली तर कोणाचे काय बिघडणार होते?

बिघडले तर काहीच नाही. उलट रस्ता वाहून गेला, पुरवठादारांकडे संप झाले, काचा, दिवे, वायरी यांची बोंब उठली, पण पिनेसाठी लाइन कधी थांबली नाही. गणतीताईचा भाग म्हणजे डोळे झाकून, असे बैठकांत बोलले जाऊ लागले. ती वर चढत गेली. २०१४ च्या मार्चपर्यंत पेडल आणि स्टिअरिंग विभागाचे सारे नियोजन तिच्या हाती आले होते, आणि लालपेन, जो आता कारखान्याच्या साऱ्या पुरवठ्याचा प्रमुख होता, दोन महिन्यांत निवृत्त होणार होता.

"माझी खुर्ची तुला," त्याने तिला बोलावून सांगितले. "नाव वर कळवलंय. कायमची पहिली पाळी, सात ते तीन. आईचं जमेल ना आता?"

"जमेल साहेब," ती म्हणाली. तिला हुंदका आला होता, तो तिने खोकल्यात घातला.

"फक्त मुख्यालयाला कार्डांची मोजणी हवीये. प्रत्येक पुरवठादाराशी पडताळून. स्वच्छ उतरव म्हणजे झालं."

तिने पुरवठादाराला फोन लावला. मालकीणबाईंनी वही उघडल्याचा आवाज आला.

"चौदा कार्डं, चौदा पेट्या. बरोबर?"

"नऊ नंबर किती?" ताईने विचारले.

"किती म्हणजे? एक."

"दोन नाहीत?"

"अहो ताई, आता दोन कशाला असतील? बरं आहे ना तुम्हाला?"

अकरा वर्षे ताईने गृहीत धरले होते की तिकडे कोणीतरी पंधरावी पेटी करून घेतली असेल. फोन ठेवून ती लाइनवर गेली. सकाळचे अकरा वाजत होते. पिनांच्या रॅकवर चार पेट्या होत्या, तीन करड्या आणि एक निळी. निळीला बांधलेले कार्ड तिच्या स्वतःच्या अक्षरातले होते. ती पेटी तिने शेकडो वेळा पाहिली असेल. पुरवठादाराने सगळ्या पेट्या करड्या केल्या त्याला कित्येक वर्षे झाली, हे तिच्या कधी मनात आले नव्हते. तिने आतल्या पिशवीची गाठ पाहिली. इतर पिशव्यांच्या गाठी उजवीकडे वळत. ही डावीकडे वळली होती आणि दुहेरी होती. गाठ सोडून तिने आत हात घातला.

पिना कोमट होत्या.

ट्रक सातला आला होता. दोन तासांचा प्रवास आणि चार तास रॅकवर. तिने शेजारच्या करड्या पेटीत हात घातला. तिथले पोलाद थंडगार. प्रत्येक पिनेच्या डोक्यावर, ती ज्या भट्टीत कडक केली त्या भट्टीचा बारीक आकडा असे. करड्या पेट्यांत एक किंवा दोन. निळीत तीन.

दुसऱ्या दिवशी तिने ट्रकवाल्याला गाठले. त्याच्या डोळ्याला डोळा भिडवून तिने विचारले, "पिनेच्या पेट्या तिकडून किती चढवतोस?"

त्याने आधी चहाचा कप शेवटपर्यंत संपवला. "दोन. आठवड्यातून एखाद्या दिवशी मात्र एकच."

"आणि ज्या दिवशी एक चढवतोस, त्या दिवशी इथे?"

"दोन उतरतात." तो हसला, पण ते हसू नुसतेच ओठांवर होते. "जातानाही तसंच. रिकाम्या दोन नेतो, तिथे एकच निघते. सांगू कुणाला, ताई? कमी भरली तर म्हणतील ड्रायव्हरने विकली. जास्त भरली तर काय म्हणतील, ड्रायव्हर व्याला?"

"वाटेत कधी थांबून बघितलं नाहीस?"

"ज्या दिवशी एक चढवतो ना, त्या दिवशी मी आरसासुद्धा बघत नाही."

पडताळणीचे निमित्त होतेच. त्याच आठवड्यात ती पुरवठादाराकडे गेली. लांबोडकी शेड, पत्र्याचे छप्पर, तेलाचा आणि तापल्या लोखंडाचा वास. दोन भट्ट्या चालू होत्या. तिसरीच्या जागी फक्त विटांचा काळवंडलेला चौथरा होता आणि त्यावर एक मांजर पाय पोटाशी घेऊन झोपले होते.

"एवढी शेड आहे," मालकीणबाई म्हणाल्या, "पण मांजर झोपणार तिथेच. पिढ्या झाल्या त्यांच्या."

"तिसरी भट्टी कधी काढली?"

"आमचे भट्टीवाले पुरेपूर गेले त्याच्या पुढच्या महिन्यात. त्यांच्याशिवाय ती कुणाला वळत नव्हती." त्यांनी जुनी वही ओढली. "नाव वेगळं होतं हो त्यांचं. पण पेटीत तीनशे नव्याण्णव नाही की चारशे एक नाही, म्हणून पुरेपूर. डावखुरे होते. भट्टी तेच बघायचे, पेट्या तेच भरायचे. १२ नोव्हेंबर २००८, सकाळच्या चहाला बसले ते तसेच. कुणाला कळलंही नाही दहा मिनिटं."

वहीची पाने उलटताना ताईचे बोट एका ओळीवर थांबले. प्रत्येक फेरीत नऊ नंबर दोनदा नोंदला होता, बारीक डावऱ्या अक्षरात. तशी पाच वर्षांची पाने. १२ नोव्हेंबरनंतर अक्षर बदलले, आणि नऊ एकदाच.

"त्यांना माहीत होतं," ताई म्हणाली.

"हो की! मीच म्हटलं होतं, दोन नऊ येतायत, तिकडे कळवू का? तर म्हणाले, नको. अक्षर बघा, कोवळं आहे, कुणीतरी घाबरून बनवलंय. कार्ड आलं की पेटी गेली पाहिजे, मी भरीन माझ्या पेटीत. घरून आणली होती त्यांनी, निळी. सुट्टीच्या वेळात भरायचे." मालकीणबाईंनी वही मिटली. "ते गेल्यावर दुसरं कार्ड आलंच नाही आमच्याकडे. आम्हाला वाटलं, तुम्ही रद्द केलंत."

"आणि ती पेटी?"

"त्यांच्या मुलीने विचारली होती, आठवण म्हणून. खूप शोधली. नाही सापडली."

ताईने ती पेटी त्याच आठवड्यात हाताळली होती. निघताना तिला त्या चौथऱ्याला हात लावून पाहावेसे वाटले, पण हात पुढे झाला नाही.

आधी तिने सोपा मार्ग धरला. निळी पेटी रिकामी झाल्यावर तिचे कार्ड काढून तिने ड्रॉवरमध्ये कुलपात ठेवले. पेटी विनाकार्डाची ट्रकवर गेली. हुकूमच नसेल तर पेटी येणार कशी? मोजणीचा कागद तिने भरून ठेवला: चौदा आणि चौदा. आठव्या दिवशी ती लाइनवर गेली तेव्हा निळी पेटी रॅकवर होती. भरलेली, कोमट. कार्डाच्या जागी पिवळ्या पुठ्ठ्याचा एक तुकडा होता, कार्डाच्याच मापाचा, कडा नीट घासलेला, डावऱ्या दुहेरी गाठीने बांधलेला. त्यावर काहीही लिहिलेले नव्हते.

तो कोरा पुठ्ठा तिने पदराआड घरी नेला आणि स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवून त्याच्याकडे पाहत राहिली. आई दाराशी येऊन उभी राहिली. अलीकडे ती लेकीला कधी मावशी म्हणे, कधी बाई. पण मोजण्याची गोष्ट तिच्या डोक्यातून गेली नव्हती.

"मोजून झालं का गं?"

"एक जास्त येतंय, आई."

"मग सांग की त्याला," आई म्हणाली. "किती दिवस बसवून ठेवणार? म्हातारा माणूस तो."

ताईने घरात त्या माणसाविषयी अवाक्षर काढले नव्हते. तिने वळून विचारले, "कुणाला सांगू?" पण आई तोवर पुन्हा हरवली होती आणि नळाकडे बोट दाखवून हा कुणाचा म्हणून विचारत होती.

रात्री जेवणावर तिने नवऱ्याला पहिल्यापासून सगळे सांगितले. तो बराच वेळ ताटात बोटाने रेघा ओढत राहिला.

"खुर्ची जाईल," तो म्हणाला.

"जाईल."

"आणि आईच्या दुपारा?"

"तेच तर."

"बघू," तो म्हणाला. आणि मग, ताट उचलताना, "तू सांगितलं नाहीस तर माझ्यानेच ब्रेकवर पाय ठेववणार नाही आता."

सकाळी तिने लालपेनसमोर दोन वस्तू ठेवल्या, आपल्या हातचे नऊ नंबर आणि कोरा पुठ्ठा. तिचे बोलणे संपेपर्यंत त्याने एकदाही मधे तोंड घातले नाही. असे पूर्वी कधी घडले नव्हते.

"फाडून टाक आणि विसर," तो शेवटी म्हणाला.

"ड्रॉवरमध्ये ठेवून बघितलं, साहेब. पेटी आली. रद्द झालंय हे त्या जागी वाचलं गेलं नाही, तोवर ते भरत राहणार."

"ते म्हणजे कोण?" त्याने पेनाचे टोपण काढले आणि परत लावले. "कारणाच्या रकान्यात काय लिहू मी? भूत?"

"माझं नाव लिहा. २००३ साली भीतीने दुसरं कार्ड बनवलं आणि अकरा वर्षं लपवलं."

"कुणाच्या भीतीने?"

तिने त्याच्या हातातल्या पेनाकडे पाहिले.

"माझ्या?"

"तुमच्या."

तो हसायला गेला, पण हसू मधेच अडले. खिडकीबाहेर लाइनचा एकसुरी घरघराट चालू होता. "ब्रेकची पिन आहे," तो म्हणाला. "गुणवत्तावाले सोडणार नाहीत तुला."

"सोडू नयेच. सव्वापाच वर्षं या पिना गाड्यांना लागल्यात, आणि त्या कुणी भरल्या हे मला सांगता येत नाही."

लालपेनने वही ओढली आणि लाल शाईने, सावकाश, तिच्या नावासकट नोंद केली. कारणाच्या रकान्यात त्याने तिचे शब्द जसेच्या तसे उतरवले; फक्त 'भीतीने'च्या आधी 'माझ्या' असा शब्द स्वतःहून घातला आणि खाली सही केली.

कोऱ्या पुठ्ठ्यावर ताईने आपल्या अक्षरात लिहिले: दुसरे नऊ नंबर रद्द. चूक माझी होती. काम पूर्ण झाले. तो तिने रिकाम्या निळ्या पेटीला बांधला, पेटी एका करड्या पेटीशेजारी ट्रकमध्ये स्वतः ठेवली, मागची फळी लागलेली पाहिली आणि प्रत घेऊन ड्रायव्हरशेजारी बसली. दोन तास कोणी आरशात पाहिले नाही. पुरवठादाराच्या दारात ड्रायव्हरने फळी उघडली.

"एकच," तो म्हणाला, आणि करडी पेटी उतरवून घेतली.

चौथऱ्यासमोर उभे राहून ताईने प्रत वाचली. मालकीणबाई बाजूला उभ्या होत्या. कामगारांनी हातातले काम थांबवले होते. ती स्वतःच्या नावाशी अडखळली आणि ती ओळ तिने पुन्हा वाचली. वाचून झाल्यावर काही घडले नाही. चौथऱ्यावरचे मांजर उठले, अंग ताणले आणि दाराजवळच्या उन्हात जाऊन बसले.

नवव्या दिवशी, एरवी निळी येण्याच्या दिवशी, एक पेटी चढली आणि एकच उतरली. सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी पिना संपल्या आणि लाइन थांबली. पिनेसाठी लाइन थांबण्याची अकरा वर्षांतली ती पहिली वेळ. पट्टे थांबले, हवेच्या नळ्यांचा फुसफुसाट विझला, आणि एवढ्या मोठ्या शेडमध्ये माणसांचा श्वास ऐकू येऊ लागला. अर्धवट मोटारी दारे उघडी टाकून रांगेने उभ्या होत्या. सगळे तिच्याकडे पाहत होते. ताई रिकाम्या रॅकपाशी उभी राहून मिनिटे मोजत होती. दुसरा ट्रक येईपर्यंत ती एकोणीस भरली. रॅकची फळी तिने तळहाताने चाचपली. ती थंड होती.

चौकशी तीन महिने चालली. प्रत्येक पेटीतली एक पिन नमुना म्हणून कपाटात ठेवायची पद्धत होती. डोक्यावर तीन हा आकडा असलेल्या, नोव्हेंबर २००८ नंतरच्या दोनशे सहा पिना निघाल्या. त्या वाकवल्या, कापल्या, मोडेपर्यंत ताणल्या. एकही उणी निघाली नाही. अहवालात उगमाच्या पुढे 'अनिश्चित' असे लिहिले गेले. खुर्ची दुसऱ्या विभागातल्या एका माणसाला मिळाली. ताईचा नियोजनाच्या कागदांवर सही करण्याचा अधिकार काढून घेण्यात आला आणि ती पुन्हा फळी व पेन्सिल घेऊन मोजणीवर गेली, आळीपाळीने दोन्ही पाळ्यांत. दुपारी आईजवळ नणंद येऊन बसू लागली. ती तोंडाची फटकळ होती आणि पहिल्याच दिवशी "वहिनी, मी काही तुमच्यासारख्या पायऱ्या मोजत चढणार नाही" म्हणाली, पण एकही दुपार तिने चुकवली नाही. आईने त्यानंतर मोजून झाले का, असे कधी विचारले नाही.

फेब्रुवारी २०२१ मध्ये ते मॉडेल बंद झाले. त्या वेळच्या अखेरच्या मोजणीत पिनेची कार्डे चौदा आणि पेट्या चौदा भरल्या. मोजणाऱ्याच्या रकान्यात गणतीताईची सही आहे.